सोपानरावांच्या तळ्याला हवा

सोपानरावांच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की "या, बसा" नाही. आधी हवा भरायचा पंप पुढे यायचा. "पन्नास दणके मारा, मंग बोलू."

पूर्णेला आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. बायको मागेच गेलेली, मुलगी हैदराबादला दिलेली. उभा जन्म रेल्वेत ब्रेकच्या नळ्या दुरुस्त करण्यात गेला. त्या गाड्यांत म्हणे नळीतली हवा ओढून घेतली की चाक मोकळं होतं. "तीस वर्षं हवा बाहेर काढली वहिनी, आता आत घालायलोय," म्हणायचे.

आत म्हणजे तळ्यात. अंगणात दोन खाटांएवढं तळं खणलं, कमळ लावलं, येलदरीहून घागरीत मासे आणले. उन्हाळ्यात पाणी तापलं की मासे वर येऊन तोंडं उघडायचे. म्हणून ही युक्ती. ट्रकची जुनी ट्यूब, तिला बारीक रबरी नळी, अन् नळीच्या टोकाला भाजक्या विटेचा तुकडा, तो तळाशी. ट्यूब भरली की विटेतून मोहरीएवढे बुडबुडे निघत राहायचे.

मी विचारलं, "मोठे का नकोत?"

"मोठा आला तसा पळतो. बारका रेंगाळतो, तवर पाण्याला हवा लागते."

पोस्टमन दणके मारायचा, दूधवाला मारायचा. एकदा माझ्या नणंदेला बघायला आलेले पाहुणे दार चुकून तिकडे शिरले. नवरा मुलगा घामाघूम होऊन आमच्याकडे आला, मागून सोपानराव. "शंभर मारले, थांबला न्हाई. पोरगी द्या." आम्ही दिली. चांगलं चाललंय तिचं.

मग एका चैत्रात जावयाने हैदराबादहून विजेवर चालणारी छोटी मोटर आणून बसवली. दिवसभर गुरगुर, दिवसभर बुडबुडे. आमचे दंड सुटले. पोस्टमन फाटकावरूनच पत्र टाकून जायला लागला. दूधवाला भांडं ओट्यावर ठेवून पसार. मीसुद्धा दोन आठवडे फिरकले नाही, खोटं कशाला सांगू.

एका दुपारी कुरडया वाळत घालताना भिंतीवरून डोकावले. मोटर चालू, मासे मजेत तळाशी, सोपानराव एकटे काठावर बसलेले. वाटलं, चार कुरडया तळून देऊन यावं. ताटली घेऊन गेले, फाटकाची कडी काढली, अन् गुरगुर थांबली. आत गेले तर बटण बंद, पंप पुढे.

"बिघडली की वहिनी. चार दिवस झाले. मासे लय हैराण हायत."

मी माशांकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही. ताटली ठेवली, पदर खोचला अन् मोजायला लागले. ते मुलीच्या लहानपणचं काहीबाही सांगत होते. पन्नासाचे दीडशे कधी झाले कळलं नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, सोपानरावांची मोटर बिघडलीय.

"मी बघतो," म्हणत हे पेचकस शोधायला लागले.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "तुम्ही नुसते जाऊन हवा भरून या. अन् जाताना पोस्टमनलाही सांगा."