ब्रीदरमधली सुपारी

ज्या घरात वडीलधारं माणूस आहे, त्या घरातली गाडी कधी बिघडत नाही. फक्त तिचे ग्रह फिरतात. चाकूरच्या राजशेखरला हे सत्य वयाच्या चाळिसाव्या वर्षी कळलं, म्हणजे तसं लवकरच.

राजशेखरची व्हॅन रोज पहाटे गावातल्या नऊ मुलींना लातूरला क्लासला न्यायची. नऊच्या नऊ घरांची अट एकच होती: पोरगी जाईल तर राजशेखरच्या गाडीत, न्हाई तर घरी बसंल. त्यामुळे चाकुरातलं स्त्रीशिक्षण (निदान नऊ मुलींपुरतं) त्या एका इंजिनावर उभं होतं. त्या नवांत एक त्याचीच लेक होती, स्वप्नाली, यंदा बारावीला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडीला गॅसचं किट बसवलं. बसवणाऱ्याने जागा करताना इंजिनाकडून एअर फिल्टरकडे जाणारी अंगठ्याएवढी रबरी नळी उपटली आणि मोकळीच सोडून दिली. राजशेखरने विचारलं, "हिचं काय?" तो म्हणाला, "राहू द्या की, कुनाला काय म्हणून राहिली ती?" (याला तांत्रिक सल्ला म्हणतात.)

दुसऱ्या दिवशी पुढची सीट उचलून इंजिनाची यथासांग पूजा झाली. पूजेला गुरुपादप्पा होते. हे राजशेखरचे चुलते, वय अठ्ठ्याहत्तर. सगळे त्यांना आप्पा म्हणत. घरातला शेवटचा शब्द त्यांचा असे. आधीचे शब्दही बहुतेक त्यांचेच असत. इंजिन चालू केलं आणि त्या मोकळ्या नळीतून निळसर धूर निघाला.

"पूजेच्या टायमाला गाडी धूर सोडून राहिली. अपशकुन हाय," आप्पा म्हणाले. त्यांनी विड्यावरची सुपारी उचलली आणि नळीच्या तोंडात दाबली. बरोब्बर बसली. धूर बंद झाला.

"बघा," आप्पा म्हणाले. सगळ्यांनी पाहिलं.

"आप्पा, त्ये ब्रीदर हाय," स्वप्नाली म्हणाली. "इंजिनाच्या पोटातला दाब तिथूनच भायेर..."

"पूजेत मधी बोलू न्हाई, बाळ."

इथे थोडी शास्त्रीय माहिती देणं भाग आहे. इंजिन चालताना थोडा वायू खाली तेलाच्या भांड्यात उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट लागते, ती ही नळी. ती बुजवली की तो दुसरीकडून वाट काढतो. इंजिन अडाणी असल्यामुळे त्याला वडीलधाऱ्यांचा मान कळत नाही.

आठ दिवसांत इंजिनाच्या सांध्यातल्या रबरी सीलमधून तेल झिरपू लागलं. पंधराव्या दिवशी तेल बघायची सळी टप्पदिशी उडून सीटला खालून धडकली. दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की गाडी कुठे कुठे उभी होती हे जमिनीवरच्या डागांवरून सांगता यायचं. राजशेखरने लातूर आणि नांदेड मिळून अकरा मिस्त्री केले. अकरांपैकी नऊ जणांनी सीट उचलताच सुपारी ओळखली. नऊही जणांनी ती कोणी घातली ते विचारलं, आणि उत्तर ऐकून नऊही जणांनी सील बदललं. (उरलेल्या दोघांनी काहीच न विचारता बदललं.)

नांदेडचा दयानंद मिस्त्री त्यातल्या त्यात स्पष्टवक्ता.

"सुपारी काढा, मामला खतम."

"आमच्या आप्पांनी घातली हो."

"आप्पा हायत का अजून?"

"हायत की, ठणठणीत."

"मग सील बदलतो," दयानंद म्हणाला.

शेवटी घरात बैठक झाली. त्यात ठरलं ते असं: सुपारी पूजेची, सबब काढता येणार नाही. उडणारी सळी सुतळीने बांधावी. गळणाऱ्या तेलाखाली जुनं ताट धरावं. आणि एवढ्यानेही फरक न पडल्यास दुसरी, जरा मोठी सुपारी बघावी. ठराव एकमताने मंजूर झाला. (स्वप्नाली "न्हाई" म्हणाली होती, पण ती चहा घेऊन आली होती. चहाबरोबर आलेली मतं मोजायची पद्धत नाही.)

अडचण एकच होती. मंगळवारी अकरा वाजता लातूरला गाडीचं पासिंग होतं. गाडी नापास झाली की व्हॅन बंद, व्हॅन बंद की नऊ पोरी घरी. दोन घरांत तर स्थळं बघायला सुरुवातही झाली होती. राजशेखरला रात्र रात्र झोप नव्हती.

मंगळवारी लातूरच्या अलीकडे सुतळी तुटली. सळी उडाली, गरम इंजिनावर तेल सांडलं, गाडीत धूर कोंडला. पोरी ओढण्या नाकाला लावून खाली उतरल्या. राजशेखर मटकन रस्त्याकडेला बसला.

"पप्पा, सीट उचला," स्वप्नाली केसातली क्लिप काढत म्हणाली.

"अगं, आप्पांना काय सांगू?"

"आप्पा गाडीत न्हाईत."

तिने क्लिपने सुपारी उकरून काढली. काळीठिक्कर पडली होती. नळीने हुश्श केलं. मग नळी पुसून तिने फिल्टरच्या रिकाम्या तोंडाला जोडली आणि नळीवरचीच पट्टी आवळली. बारा मिनिटं लागली. (अकरा मिस्त्री, दोन जिल्हे, अडीच महिने; इकडे एक क्लिप.) इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं. गाडी पास झाली.

संध्याकाळी घरी आप्पांचा सत्कार होता.

शाल, नारळ, पेढे; बाकीच्या आठ पोरींचे आईबाप झाडून हजर. "म्हनलं न्हवतं?" आप्पा म्हणाले. "सुपारी हाय तवर गाडीला काई व्हत न्हाई." टाळ्या पडल्या.

मुठीत ती काळी सुपारी घेऊन स्वप्नाली उठली. "आप्पा, ती सुपारी तर मी सकाळीच..."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. राजशेखरचा आपल्या लेकीवर लई जीव. सकाळी रस्त्यावर तिचे पाय धरावेत असं वाटलं होतं त्याला. तो लगबगीने उठला, खोक्यातला एक पेढा उचलला आणि "घे बाळ, तोंड गोड कर" म्हणत तिच्या तोंडात घातला. बरोब्बर बसला. आवाज बंद झाला.

"बघा," आप्पा म्हणाले. सगळ्यांनी पाहिलं.

स्वप्नाली बापाकडे बघत पेढा चावत राहिली. राजशेखरने खोकं पुढे सरकवलं.

आता तुम्ही राजशेखरला नावं ठेवणार, ठेवा. फक्त त्याआधी, तुमच्या घरात मागच्या खेपेला कोणी बोलायला तोंड उघडलं तेव्हा तुमचा हात कोणत्या डब्याकडे गेला होता, तेवढं आठवून बघा. आणि घरात हल्ली कुठे तेल गळत असेल, तर मिस्त्रीला बोलावू नका. तो सील बदलून जाईल.