डोळखांब मुक्कामीं प्रीत दस्त केल्याची हकीकत

श्री. ज्याचे उजेडावांचून पडद्यावर ना राजा दिसे ना रंक, त्या सूर्यनारायणास आधीं दंडवत, आणि जें एका डोळ्यानें पाहून लाखांस दाखवितें त्या यंत्रास मग. थोरांच्या लढायांच्या हकीकती थोरांनीं लिहिल्या. परंतु शके १८५९, ईश्वर नाम संवत्सरीं, पौष मासीं, शहापूर तालुक्यांत डोळखांबचे रानीं बोलपटाची एक मोहीम जाहली, तींत तलवार उपसली नाहीं, माणूस पडलें नाहीं, तरी एका भल्या गृहस्थाची अब्रू पणास लागली होती, सबब लिहून ठेवणें प्राप्त जाहलें.

मोहिमेचे सेनापति राजश्री कमळाकरपंत दिग्दर्शक. जी कादंबरी आज्यांनीं उशाखालीं ठेवून वाचली आणि नातींनीं भूगोलाचे पुस्तकांत लपवून वाचली, त्या थोर प्रेमकथेचा बोलपट करण्याचा विडा पंतांनीं उचलिला होता. कंपनीचे शेठजींनीं फर्मान काढिलें कीं, नायक-नायिकेची प्रीत पडद्यावर दिसली तर बरें, न दिसली तर चित्र डब्यांत बंद करून पंतांनीं पुनश्च पडदे रंगविण्याचे चाकरीस रुजू व्हावें. पंतांनीं फर्मान मस्तकीं धरिलें आणि त्या दिवसापासून त्यांची झोंप उडाली.

कारण नायक नटवर्य चंदरराव आणि नायिका सरस्वतीबाई यांचा छत्तिसाचा आंकडा. जाहिरातींत कोणाची तसबीर वर, येथून वैर सुरू जाहलें आणि तें पराकोटीस गेलें. आटगांव ठेशनावरून डोळखांबेस जातां दोघांस एकाच बैलगाडींत बसविलें, म्हणजे सहवासें मनें जुळतील अशी पंतांची मसलत. तों चंदरराव पुढें तोंड करून बसले, बाई मागें पाय सोडून बसल्या, आणि गाडीवान महिपत यानें मुक्कामीं पोंचतांच तक्रार गुदरली.

"पंत, ही दोगां बोलत नाय, त्याचा भार माज्या बैलांवर येतो."

मग मोर्चे लागले. प्रवेश विरहाचा, नायक दूरदेशीं निघाला आहे आणि नायिका वेलींचे मांडवाखालीं त्याचा निरोप घेते, दोघांनीं डोळ्यांत डोळे घालून पाहावें, आणि तें पाहणें पाहून पाहणाऱ्याचें काळीज हलावें, ऐसा बेत. परंतु चंदरराव जन्माचे नाटकवाले, ते बाईंस सोडून यंत्राकडेच प्रेमानें पाहत. चंदरराव न्याहारीस कच्चा कांदा खात, त्यामुळें बाई ऐन प्रेमाचे समयीं नाक फिरवीत. पंतांनीं वेलदोड्यांची कुमक मागविली. चंदररावांनीं वेलदोडे खाल्ले आणि मग तोंडाची चव गेली म्हणून वर कांदा खाल्ला. ऐसें होतां होतां फिल्म सरली, अखेरची डबी यंत्रांत चढली, आणि पंतांचें तोंड उतरलें.

ते समयीं सजावटीचा कारखाना राघो याजकडे होता. राघो गिरगांवचा, रानाची ओळख त्यास भाजीमंडईपुरती. मांडव भकास दिसतो असें पंत म्हणाले, तों हा वीर आंकडीची काठी घेऊन रानांत गेला आणि सोनेरी मखमली शेंगांनीं लगडलेली एक वेल काठीनेंच ओढीत आणून मांडवावर चढविता जाहला. शेंगांची लव उन्हांत अशी झळके कीं पंत बहुत संतोष पावले. ती खाजकुयली होती.

दोराचे पलीकडे गांव तमाशास लोटला होता. त्यांत सकुबाई म्हणून डोळखांबची एक म्हातारी. तिनें वेल पाहिली आणि हात वर करून म्हणूं लागली, "अरं, ती येल तिथं नको…" परंतु बोलपटाचे यंत्रास कान असतात, सबब मुकेपणाचा हुकूम जारी होता. चाकरांनीं तिजला गप्प केलें. यंत्र फिरूं लागलें आणि त्याच क्षणीं वारा सुटला.

मग जें जाहलें तें अघटित. लव उडाली आणि दोघांचे मानेवर, गळ्यावर, दंडांवर उतरली. सरस्वतीबाईंचे डोळे भरून आले, ओंठ थरथरले. चंदररावांचा श्वास चढला, चेहरा रक्तासारखा लाल जाहला. अखेरची फिल्म आहे हें दोघांस ठाऊक, म्हणून कोणी हललें नाहीं. बाईंचा हात मानेकडे जाऊं लागला तों चंदररावांनीं शेल्याचे टोकानें त्यांची मान पुसिली, मग तो हात आपले हातीं घट्ट धरिला आणि जन्मांत प्रथमच यंत्राकडे न पाहतां समोरचे माणसाकडे पाहिलें. बाई म्हणाल्या, "मला विसरूं नका," आणि तो स्वर ऐकून पंतांचे अंगावर कांटा आला.

फिल्म संपली आणि दोघें किंचाळत सुटलीं. सकुबाईनें शेणाची पाटी आणून दोघांस नखशिखांत लिंपिलें. तेव्हां बाई वैर विसरून बोलत्या जाहल्या.

"तुमच्या मिशीला शेण लागलंय."

"राहू द्या. थंड वाटतं."

पंतांस मात्र सारें उमगलें आणि शरमेनें त्यांची मान खालीं गेली. त्यांनीं राघोस तोंड बंद ठेवण्याची ताकीद दिली. चित्र मुंबईंत लागलें. लोक रडले, शेठजींनीं पंतांस शाल पांघरली, पत्रांतून लिहून आलें कीं, ऐसी व्याकुळ प्रीत पडद्यावर पूर्वीं जाहली नाहीं. पंत प्रत्येक स्तुतीसरशीं मनांत झुरत. ज्या कथेवर आपण जीव टाकिला, तींत आपण प्रीत घातली कीं खाज, हें त्यांचें त्यांसच कळेना.

ऐशांत शेठजींचा हुकूम सुटला कीं, मुरबाडास फिरत्या टॉकीजचे तंबूंत चित्र लागत आहे, मुलूख चित्रांतलाच आहे, तरी पंतांनीं जातीनें हजर राहावें. मुंबई फसली तरी मुरबाड फसणार नव्हतें. तेथील शेंबडें पोरही ती शेंग ओळखतें. तंबू हंसला कीं हंसें आगगाडीनें मुंबईस पोंचणार आणि थोर कादंबरीचा फार्स होणार.

सांज होतां तंबू भरला. पंत मागें दोराशीं उभे राहिले. विरहाचा प्रवेश आला, मांडव दिसला, आणि तंबूंत कुजबूज उठली.

"खाजकुयली हाय गो ती. बाय, ऊठ तिथनं."

कोणी आपलीच मान खाजवूं लागलें, पुढचे बाजूस हंशा फुटला, आणि पंतांनीं डोळे मिटले. इतक्यांत बायकांचे गोटांतून सकुबाईचा आवाज आला. ती पोरीचे घरीं मुरबाडास आली होती.

"हसू नका रं. खाज सुटली का मानूस पयला सोताला खाजवतो. यानं पयली तिची मान पुसली. बगा नीट."

लोकांनीं नीट पाहिलें. आपली मान तशीच जळत ठेवून एक मनुष्य दुसरीची मान पुशीत होता, आणि तो दाह काय असतो हें ठाऊक असलेलें एकही माणूस मग हंसलें नाहीं. बाप्ये घसा खांकरूं लागले, बायांनीं पदर डोळ्यांस लाविले. पंतांनींही डोळे उघडून तें पाहिलें, जें शरमेपोटीं त्यांनीं आजवर पाहिलें नव्हतें.

येणेंप्रमाणें शके १८६०, माघ मासीं, मुरबाड मुक्कामीं फत्ते जाहली. मुंबईस जी खाज दिसली नाहीं ती मुरबाडानें ओळखिली आणि ओळखूनही प्रीत म्हणून कबूल केली, हा या मोहिमेचा निकाल. कमळाकरपंत तंबूचा दोर धरून मुलासारखे रडले. आणि ते समयीं त्यांचे आसपास कोठेंही वेल नव्हती, हें शेजारीं उभे असणारांनीं शपथपूर्वक सांगितलें, तें लिहिलें असे.