सरूचं कुंपण

"सकाळचे नऊ वाजले तरी स्वयंपाकघरात दिवा लावायचा. डॉक्टर म्हणतो उन्हात बसा. कुठलं ऊन?" ग्वेन चहाच्या कपातच पुटपुटली. पण नवऱ्याला, क्लिफर्डला ऐकू जाईल इतपत.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ग्वेनचं जग म्हणजे परसातली एक खुर्ची. आणि त्या खुर्चीवर शेजारच्या ऑड्रीच्या सरूच्या कुंपणाची सावली. कुंपण लावलं ऑड्रीच्या नवऱ्यानं, लिओनार्डनं. दरवर्षी तो ते खांद्याइतकं छाटायचा. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. कुंपण पंधरा फुटांवर गेलं.

"सांग ना तिला," ग्वेन म्हणाली.

"काय सांगू? तुझ्या नवऱ्याची आठवण जरा आखूड कर?"

त्यावर तोड क्लिफर्डनंच काढली. कुंपणातल्या पाखरांची पिल्लं उडून गेली की दर रविवारी, ऑड्री चर्चला गेल्यावर, वरून फक्त वीतभर कापायचं. कळणारसुद्धा नाही. पहिल्या रविवारी त्यानं दोरी लावून कुंपण अगदी सरळ केलं.

दुसऱ्या रविवारी पाहतो तर उजवी बाजू हातभर खाली.

"तुझे हातच वाकडे," ग्वेन म्हणाली.

त्यानं डावी बाजू उतरवली. पुढच्या रविवारी मधेच खळगा. तो बुजवता येईना म्हणून दोन्ही टोकं खाली आणली. पाचव्या रविवारी कुंपण सात फुटांवर आलं आणि वरून टक्कल पडलं. क्लिफर्डची झोप उडाली. फाटकाशी ऑड्री भेटली तेव्हा तिच्या स्वेटरभर सरूची पानं चिकटली होती. पण अशा गोष्टी बोलून दाखवायची त्यांच्या आळीत रीत नव्हती.

"हवा बरी आहे," तो म्हणाला.

"हो, पाऊस नाही," ती म्हणाली.

सहाव्या रविवारी चर्चमधली पाण्याची नळी फुटली आणि प्रार्थना रद्द झाली. क्लिफर्डला याचा पत्ता नव्हता. तो शिडी चढला, कातर उघडली, आणि समोरून दुसरी कातर उघडली. तिच्यामागे ऑड्रीचं डोकं.

"हवा बरी आहे," क्लिफर्ड म्हणाला.

"आहे खरी."

खालून ग्वेननं विचारलं, "कोणाशी बोलतोयस?"

"गुरुवारी तुम्ही गुडघा दाखवायला जाता ना," ऑड्री कानापर्यंत लाल झाली, "तेव्हा मी थोडं थोडं कापायचे. पण माझं मेलं वाकडंच व्हायचं. शिवाय तुम्हाला आडोसा हवा असेल, म्हणून विचारलं नाही."

"आणि आम्हाला वाटलं, लिओनार्डचं आहे, तर तुला..." क्लिफर्डनं जीभ चावली. सहा वर्षं तिच्यासमोर टाळलेलं नाव निसटलं होतं.

ऑड्रीनं कातर मिटली.

"उपकार झाले रे," ती म्हणाली. "तो गेल्यापासून माझ्यासमोर त्याचं नाव कुणी घेतलंच नाही. हे कुंपण मला कधीच आवडलं नव्हतं, क्लिफर्ड. त्याची मात्र फार आठवण येते. आणि तुमचीही, शेजारी असून."