दुर्बिणीचा पिंड

ढुंढिराज गुरुजींनी डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारलं, "बेशुद्ध म्हणजे अगदी पूर्ण?"

"पूर्ण," डॉ. स्वरदा म्हणाल्या. "गुरुजी, हर्निया आहे. बेंबीशेजारचं भोक आतून जाळी लावूनच बुजवायचं. प्रश्न एवढाच, की शिरायचं कुठून. चिरा दिला तर कमरेत इंजेक्शन. तुम्ही जागे राहाल, पण जखम मोठी, दुखणं जास्त दिवस. दुर्बिणीनं केलं तर तीन बारीक भोकं आणि लवकर घरी. फक्त झोपवावं लागेल. तुम्हाला दोन्ही चालेल, ठरवून सांगा."

ठरवणार कसं? रामकुंडावर गुरुजींनी हजारोंचे दहावे केले होते. देहातून बाहेर पडलेला आत्मा माघारी आल्याचं एकही उदाहरण त्यांच्या पाहण्यात नव्हतं. दुखणं नको आणि झोपणंही नको! कुसुमताई म्हणाल्या, "दुर्बिणीनं करा अन् मोकळे व्हा." पण बायकोचं ऐकतील तर ते गुरुजी कसले!

सकाळी त्या बाजाराला गेल्या, तसे गुरुजी बिल्डिंगच्या गच्चीवर चढले. भाताचे दोन पिंड मांडले. डाव्यावर दर्भाची लांब काडी, म्हणजे चिरा. उजव्यावर तीन तीळ, म्हणजे दुर्बीण. "शिव रे बाबा कावळ्या. ज्याला शिवशील ते करतो," असं म्हणून ते टाकीमागे दडले.

कावळे आले. बघता बघता कठडा काळा झाला, पण एकही ओरडेना. पिंडाकडे तर कोणी ढुंकूनही बघेना. सगळे माना वाकड्या करून टाकीकडे, थेट गुरुजींच्या बेंबीकडे बघत होते. गुरुजी दचकून उठायला गेले तर पोटातून अशी कळ उठली, की आवाजच फुटेना.

समोरच्या बिल्डिंगमधल्या शेखरनं आपल्या गच्चीवरून पिंड पाहिले. गुरुजी कित्येक दिवस घाटावर दिसले नव्हते, आणि आज दाराला कुलूप. "अरे देवा! काकूंनी परस्पर उरकलंसुद्धा!" झालं. चहा उकळेपर्यंत निम्मी गल्ली जिन्यात चपला काढून गच्चीवर आली.

"माणूस सोन्यासारखा," कोणीतरी हळूच म्हणालं. "फक्त मंत्र लय पळवायचे."

'अहो, मी इथे आहे!' गुरुजी ओरडले, पण नुसते ओठ हलले. शेखरनं टाकीकडे पाहिलं. थेट गुरुजींच्या डोळ्यांत पाहिलं, आणि ऊन तोंडावर आलं म्हणून मान फिरवली. गुरुजींनी घाबरून स्वतःला चिमटा काढला. दुखलं नाही! पोटच इतकं दुखत होतं, तिथे चिमटा काय लागणार? पण हे त्या घटकेला सुचायला हवं ना.

शेखरनं हात जोडले. "गुरुजी, काकूंची काळजी करू नका."

कावळे ढिम्म.

"तुमचे यजमान मी सांभाळतो," घाटावर शेजारी बसणारे मनोज गुरुजी लगबगीनं म्हणाले. कावळे ढिम्म. टाकीमागे मात्र करकर दात वाजले, आणि सगळी गर्दी जागच्या जागी थिजली.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन कुसुमताई धापा टाकत वर आल्या. त्यांनी दर्भ पाहिला, तीळ पाहिले, टाकीमागून डोकावणारं ओळखीचं धोतर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. मग उजव्या पिंडापुढे पदर पसरून वाकल्या. काहीतरी पुटपुटल्या. त्या सरकताच एक म्हातारा कावळा झपकन उतरला आणि त्यानं चोच मारली.

"सुटले!" गर्दीनं सुस्कारा टाकला.

"सुटलो!" टाकीमागून आवाज आला, आणि पोट धरून गुरुजी उभे राहिले.

गच्ची कशी रिकामी झाली ते विचारू नका. मनोज गुरुजींच्या चपला अजून जिन्यात आहेत.

ऑपरेशन दुर्बिणीनं झालं. शुद्धीवर येताच गुरुजींनी पोटावरच्या तीन पट्ट्या चाचपल्या आणि भरल्या डोळ्यांनी विचारलं, "कुसुम, काय वचन दिलंस गं कावळ्याला?"

"वचन कसलं डोंबलाचं! पिशवीतली शेव ठेवली तुमच्या तिळांवर. त्यानं शेव उचलली. पिंडाला शिवलाच नाही तो."

"शिवला नाही?"

"कसा शिवेल? जिवंत माणसाच्या पिंडाला कधी कावळा शिवतो का? अख्खा जन्म रामकुंडावर गेला तुमचा, एवढं कळू नये?"

दुसऱ्या दिवशी आयाबाईंनी मऊ भाताची ताटली आणून ठेवली. पहिला घास उचलणार, तोच खिडकीत फडफड झाली. तोच म्हातारा कावळा. त्यानं मान वाकडी करून भाताकडे पाहिलं आणि एक उडी पुढे मारली.

जन्मभर "काव काव" करून त्याला बोलावणाऱ्या गुरुजींनी ताटली दोन्ही हातांनी पांघरुणात ओढली.

"हुश! शिवू नकोस! जेवायचंय मला अजून!"