खांडा चालला मोंबासाला

"कचेरीचं काम ना? ते माझ्यावर सोडा आणि बोटीत बसायच्या तयारीला लागा!" दत्ताजीराव मोहिते मिशीवर हात फिरवत म्हणाले. "सूनबाईंना पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीत बसवलं नाही, तर मी बडोद्यात फेटा बांधून फिरणार नाही!"

त्यांच्या फेट्याला भलताच मान होता, म्हणून सून मृदुला निश्चिंत झाली. हीच तिची पहिली चूक!

महाराजांच्या हीरक महोत्सवाचे दिवे उतरून फार दिवस झाले नव्हते. दत्ताजीरावांचा मुलगा उदयसिंहराव कलाभवनात यंत्रकाम शिकून मोंबासाला एका कारखान्यात फोरमन झाला होता. आता त्याला तिथं दोन खोल्या मिळाल्या होत्या, बायकोच्या खर्चाची हमी त्यानं सरकारात लिहून दिली होती आणि बोलावणं पाठवलं होतं. राहिला होता फक्त पासपोर्ट. त्यासाठी मृदुला त्याची बायको आहे, एवढंच पटवून द्यायचं होतं.

"एवढंच?" दत्ताजीराव हसले. "अख्खी आळी जेवून गेली आहे त्या लग्नाला!"

आळी जेवली होती खरी. नवरदेव तेवढा जेवला नव्हता. चार वर्षांपूर्वी सिंहस्थ लागायच्या आत लग्न उरकायचं ठरलं आणि ऐन वेळी उदयसिंहरावाची रजा रद्द झाली. मुहूर्त काही बोटीची वाट बघत नाही! मग मोहित्यांनी मराठ्यांच्या जुन्या चालीनं खांडा लावला. म्हणजे वराच्या जागी तलवार उभी केली, तिला फेटा बांधला, मुंडावळ्या बांधल्या आणि मृदुलानं तिला हार घातला. तेव्हापासून मृदुला मोहित्यांची सून होती, उदयसिंहरावाची पत्नी होती, आणि नवरा तिनं फक्त फोटोत पाहिला होता.

पासपोर्टाच्या कचेरीत हेमचंद्रभाई नावाचे गुजराती नागर गृहस्थ बसत. मराठी अगदी अस्खलित बोलत, पण आश्चर्य वाटलं की त्यांची गाडी गुजरातीवर घसरे. दत्ताजीरावांनी सुनेला शेजारी बसवलं आणि लग्नाचा फोटो ऐटीत टेबलावर ठेवला.

हेमचंद्रभाईंनी फोटो जवळ नेला, लांब नेला, चष्मा पुसला.

"वहू तो दिसतात. पण वर क्यां छे?"

"हे काय, फेटा बांधून उभे आहेत!"

"आ तो तलवार छे!"

"तलवार नव्हे, खांडा!" दत्ताजीरावांनी टेबलावर मूठ आपटली. "आमच्यात खांडा म्हणजे साक्षात वर! खांडा म्हणजेच आमचे चिरंजीव! यात तसूभर फरक नाही!"

"शुं वात करो छो!" हेमचंद्रभाई खुर्चीत पुढं सरकले. आता त्यांना कामापेक्षा कुतूहलच अनावर झालं. "मग सप्तपदीला हे चालले कसे?"

"सूनबाईंनी उचलून घेतलं."

"वराला? कडेवर?"

मृदुलानं पदर तोंडाला लावला. तिला हसू आवरेना.

"आणि मंगळसूत्र कोणी बांधलं? आणि घास? घास कोणाला भरवला?" हेमचंद्रभाईंचे प्रश्न संपेनात. शेवटी ते भानावर आले. "बघा राव, मला स्वतःला ही चाल फार आवडली. पण मी मोंबासाला काय लिहू? मला थोडा विचार करू द्या. उद्या या."

दत्ताजीरावांनी यातून एकच अर्थ काढला. साहेबाला वर बघायचा आहे!

"आबासाहेब, त्यांनी तसं म्हटलं नाही," मृदुला टांग्यात म्हणाली.

"सूनबाई, कचेरीची भाषा वेगळी असते. ती आम्हांला कळते."

दुसऱ्या दिवशी देवघरातली तलवार लाल वस्त्रात गुंडाळून, स्वतः जरीचा फेटा बांधून दत्ताजीराव निघाले. ऐन लहरीपुऱ्यात टांग्याला धक्का बसला, वस्त्र घसरलं आणि भर बाजारात तलवार उघडी पडली. म्यानात होती, पण म्यान बघायला थांबतो कोण? पहिल्या दुकानदारानं फळी लावली, ती बघून दुसऱ्यानं लावली, आणि बघता बघता अर्धा बाजार बंद झाला! एका फळीच्या फटीतून तेवढा, वरात समजून, आवाज आला, "काका, कोनो वरघोडो छे?"

"आमच्याच मुलाचा!" दत्ताजीराव ताठ बसून गरजले. मृदुलाला टांग्याखाली शिरावंसं वाटलं.

कचेरीत तलवार टेबलावर ठेवली गेली. हेमचंद्रभाईंनी फोटो शेजारी धरला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"राव, फोटोतल्या वराच्या मुठीवर पोपट आहे. ह्यांच्या नाही."

"असं कसं होईल?"

"आ ए नथी! हा तो नवराच नव्हे!"

दत्ताजीरावांच्या कपाळावर घाम आला, आणि घामाबरोबर आठवणही आली. लग्नाच्या सकाळी त्यांची तलवार गंजून म्यानात अडकली होती. दोन्हीकडून दोघांनी ओढली तरी निघेना. म्यानातला वर कसा उभा करणार? म्हणून शेजारच्या प्रतापसिंहरावांची तलवार तासाभरासाठी मागून आणली होती.

"एवढंच ना? त्यांना घेऊन येतो!" असं म्हणून दत्ताजीराव उठले. मृदुला "नको, नको" म्हणत राहिली, पण ते दाराबाहेर पडलेसुद्धा.

प्रतापसिंहराव साठी उलटलेले, जुन्या पागेतले, आणि आपल्या तलवारीबद्दल बोलायला कधीही तयार. ते आले, मागोमाग त्यांच्या पत्नी अहल्याबाई आल्या. पोपटाच्या मुठीची तलवार टेबलावर आली आणि प्रतापसिंहरावांनी छाती फुगवली.

"पाहा साहेब! पात्यावर माझं नाव कोरलंय! ही तलवार म्हणजे मी, आणि मी म्हणजे ही तलवार!"

हेमचंद्रभाईंनी टाक खाली ठेवला.

"एक मिनिट. खांडा म्हणजे साक्षात वर, हे दत्ताजीरावांनी सांगितलं. आणि खांडा म्हणजे तुम्ही, हे तुम्ही सांगताय. मग ह्या बाई कोणाच्या?"

"अगं बाई!" अहल्याबाई उभ्याच राहिल्या. "चार वर्षं आमच्या भिंतीवर टांगलेय ती मेली! रोज पुसते मी तिला!"

"अगं, मी तर त्या दिवशी पंगतीत वाढत होतो!" प्रतापसिंहराव केविलवाणे झाले.

"वाढत होता! आणि इकडे तुमचं लग्न लागत होतं!"

दत्ताजीराव शास्त्र सांगू लागले, प्रतापसिंहराव शपथा घेऊ लागले, अहल्याबाई माहेरी जायची भाषा करू लागल्या. शिपाई आत डोकावून गेला तो आणखी चौघांना घेऊन आला. एवढ्या गलक्यात दत्ताजीरावांची नजर सुनेकडे गेली. ती हसत नव्हती. तेव्हा कुठं त्यांना उमगलं. बोट चालली होती, आणि सूनबाईंची वाट आपणच अडवून बसलो होतो!

"बेन," हेमचंद्रभाई म्हणाले, "सगळे बोलले. तुम्ही सांगा. तुमचं लग्न कोणाशी झालं?"

मृदुला उभी राहिली.

"साहेब, ही तलवार शेजारच्या घरात आहे. हळदीकुंकवाला गेले की दिसते. पण तिच्यासाठी माझा जीव कधी तुटला नाही. ज्यांच्यासाठी तुटतो त्यांना मी पाहिलेलं नाही. त्यांना भाजीत गूळ लागतो, पावसात गुडघा दुखतो, रागावले की आठ-आठ दिवस पत्र लिहीत नाहीत, सगळं माहीत आहे. पण साहेब, त्यांचा आवाज कसा आहे ते मला माहीत नाही. चार वर्षं मी सगळी पत्रं माझ्याच आवाजात वाचते. मला तो आवाज ऐकायला जायचंय."

अहल्याबाईंनी डोळे पुसले. दत्ताजीरावांना फेटा सारखा करायचं निमित्त करावं लागलं.

हेमचंद्रभाई बराच वेळ चष्मा पुसत होते. मग त्यांनी टाक उचलला. "मराठा कुटुंबांत ही चाल आहे, असं दोन जाणत्यांनी सही करून दिलं की झालं. मी काल रात्री कायदा वाचून ठेवलाय. राव, तलवार आणायला मी सांगितलंच कुठं होतं?"

कारभार इथंच संपायचा. पण दत्ताजीराव सहीवर समाधान मानणारे नव्हते. "मोंबासाच्या बंदरावर कोणी शंका काढली तर? तलवार बरोबर जाऊ द्या!" मृदुलानं हात जोडून नको म्हटलं. प्रतापसिंहराव कुरकुरले. पण अहल्याबाईंनी निकाल दिला, "दसऱ्याला पूजेपुरती परत आणा. तोवर ही सवत माझ्या घरात नको!"

बोट वेळेवर सुटली. फेटा वाचला.

महिन्यानं उदयसिंहरावाचं पत्र आलं. 'मृदुला सुखरूप पोचली. तिचे कागद चोख होते, पाच मिनिटांत सोडलं. तलवार मात्र परवान्याअभावी बंदरावर अडकली आहे. ती कोणी पाठवली?' खाली मृदुलाच्या अक्षरात एक ओळ होती. 'आवाज छान आहे, आबासाहेब. अगदी तुमच्यासारखा, फक्त हळू.'

दत्ताजीरावांनी ती ओळ घरभर वाचून दाखवली. पण दसरा जवळ आला तसे प्रतापसिंहराव रोज सकाळी ओट्यावर येऊन बसू लागले. नुसते रिकाम्या कमरेवर हात ठेवून बसत! अखेर दत्ताजीराव पुन्हा कचेरीत गेले.

हेमचंद्रभाईंनी नवा अर्ज पुढं ओढला.

"अडकलेल्याचं नाव?"

"तलवार."

"मालक?"

"शेजारी."

"मग तलवार तुमची कोण? अर्जदाराशी नातं लिहावं लागतं."

दत्ताजीरावांनी टेबलाकडे पाहिलं. याच टेबलावर त्यांनी मूठ आपटली होती! त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"लिहा... चिरंजीव."