दोष तिसऱ्या सिलिंडरचा

विश्वंभर जाधव मोटारीचं इंजिन रवीने ऐकतात. रवी म्हणजे ताक घुसळायची, लाकडी. बॉनेट उघडायचं, रवीचं फूल चालू इंजिनावर टेकवायचं, दांडीचं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत हा कार्यक्रम सकाळी, दूधवाला येतो त्याच्या आसपास होतो. जाधवांच्या घरी आता ताक विकतचं येतं.

जाधवकाका शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. दुसऱ्याने केलेल्या कामात चूक काढणं हे त्यांनी आयुष्यभर पगार घेऊन केलं. निवृत्तीनंतर विनामूल्य करतात. शेजारच्या बंगल्याचा गिलावा, गटाराचा उतार, मी पेपरात दिलेल्या बातम्या, सगळं त्यांनी नापास केलेलं आहे.

अशा माणसाने टर्बोची गाडी घेतली. टर्बो हा एक छोटा पंखा असतो. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि लहान गाडीला मोठीचा जोर देतो. पाय दाबल्यावर हा जोर जरा थांबून येतो, पण येतो तेव्हा एकदम येतो. गाडी काका चालवत होते तोवर तक्रार नव्हती. मग शोभाकाकू चालवायला शिकल्या आणि गाडी झटके देऊ लागली. घटनांचा हा क्रम गल्लीत सगळ्यांच्या लक्षात आला. तपासणीत हयात घालवलेल्या माणसाच्या तेवढा आला नाही.

"तिसरा सिलिंडर मिस मारतोय," हे काकांचं पहिलं निदान; म्हणजे तिथे पेट्रोल धड पेटत नाही. प्लग बदलले. झटके कायम. मग संशय प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलवर गेला. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्याला बसवली, दोष तिच्यामागे जातो का ते बघायला. गेला नाही. मग टर्बोच्या पाइपातून हवा गळते असं ठरलं. पाइपाला साबणाचा फेस फासला, गाडी चकचकीत झाली, बुडबुडा आला नाही. मग पेट्रोल भरायचा पंप बदलला. प्रत्येक निदान काका छातीठोकपणे जाहीर करत आणि वर जोडत, "पण अजून कच्चं हाय बरं का." कुठल्याही निदानाला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही.

छावणीतले मेकॅनिक रऊफभाई यांनी स्कॅनर लावला. "काका, मशीन बोलतंय, गाडीत काहीच नाही."

"मशीनला कान हायेत का?" काका म्हणाले.

चाचणीच्या फेऱ्यांना साक्षीदार म्हणून मला मागच्या सीटवर बसवलं जाई. काकू हळू निघायच्या. गाडी थरथरायची, मग उसळायची, मग नाक खाली घालायची. "ऐकलं का पेपरवाले? तिसरा!" काका मागे वळून सांगायचे. मला फक्त माझं डोकं छताला लागल्याचं ऐकू यायचं.

एकदा भर चौकात अशी उसळी आली की गाडी एका रिक्षाला जवळपास चिकटली. रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "खालाजान, गाडी है की घोडा?"

काकूंनी इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. "अहो, माझंच चुकतंय. मला नाय जमायचं. विकून टाका ही."

"तुझं काहून चुकंल? इंजिनच दळभद्री हाय!" काका ओरडले. बायकोच्या भाजीतलं मीठ या माणसाच्या तपासणीतून कधी बिनशर्त पास झालं नव्हतं.

त्या दिवसानंतर काकूंनी चावीला हात लावला नाही. पुढच्या आठवड्यात काकांनी मला बोलावलं. गाडी रऊफभाईंकडे न्यायची होती. "तुम्ही चालवा. माझी मान धरलीय."

पुंडलिकनगर ते छावणी गाडी लोण्यासारखी गेली. मी तसं सांगितलं.

"आज तिचा मूड चांगला हाय," काका म्हणाले.

गॅरेजात काका चहा सांगायला गेले तेव्हा रऊफभाईंनी हात पुसले. "साहेब, काकू तिसऱ्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीनं चालवतात. गाडी थरथरते, की घाबरून पाय दाबतात. टर्बो खेचतो, की घाबरून पाय सोडतात. बस, एवढंच. मी काकांना पहिल्याच दिवशी बोललो."

परतीच्या वाटेवर मी काकांना थेट विचारलं. हे माहीत होतं का?

"व्हय."

"मग प्लग? कॉइल? ती रवी?"

ते समोर बघतच बोलले. "काचबिंदू हाय मला. समोरचं दिसतं, कडंचं गेलं. गेलेलं परत येत नाय म्हणतात. हिला माहितीय, म्हणून तर ह्या वयात शिकली. पण लई भित्री. चूक हिची निघाली, की संपलं. पुन्हा बसायची नाय. गाडीची निघाली तर गाडीवर चिडंल, अन् चिडली की बसंल." मग आवाज चढवून म्हणाले, "अन् तुम्ही छापू नका हे."

दुसऱ्या दिवशी काकांना डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. ते फाटकापाशी रिक्षाची वाट बघत होते. काकूंनी मला जिन्याखाली गाठलं.

"दादा, काल तुम्ही नेली ना गाडी? ह्यांचं सोडा, हे काहीही सांगतात. तुम्ही खरं सांगा. तुम्हाला बसले झटके?"

खात्री केल्याशिवाय ओळ लिहायची नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. माझी खात्री होती.

"बसले," मी म्हणालो. "छावणीपर्यंत. वैताग आला."

"मेली गाडीच तसली," त्या म्हणाल्या आणि चावी आणायला आत गेल्या.

गाडी गल्लीत थरथरली. काकूंनी तिला एक मराठवाडी शिवी दिली, खटकन तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला आणि गाडी मुकाट पुढे गेली. शेजारी काका सरळ समोर बघत बसले होते. डाव्या हाताला, त्यांच्याच बाजूने, दूधवाल्याची मोटारसायकल अर्धी रस्त्यात उभी होती. काकूंनी ती सोडून गाडी सफाईने वळवली. काकांची मान तिकडे वळलीही नाही.