बाजेवरची सवारी

"आजच्या दिवस तरी रिक्षा करा," रत्नम्मा दह्याची वाटी घेऊन दारातच उभ्या राहिल्या. "पोरगी सीईटीला चाललीय, शेताला पाणी द्यायला न्हाई."

"रिक्षात हादरे बसतात," चन्नबसप्पा सर म्हणाले. "केलेला अभ्यास हलतोय."

"आन् तुमच्या बाजेवर?"

"तिच्यावर पोटातलं पाणी हलत न्हाई, डोक्यातलं काय हलणार!"

बाज म्हणजे सरांची मोटारसायकल. लांबुडकी, बुटकी, पाय पुढं सोडून रेलून चालवायची. गल्लीनं पहिल्याच दिवशी तिचं बारसं उरकलं होतं. इंजिन एकशेपंचवीस सीसीचं, म्हणजे दिसायला हत्ती आणि ताकदीला शेळी. चढ आला की शेजारून सायकलवाला गप्पा मारत येई. पण सर तिचे उपकार मानून होते. ते औशाच्या शाळेत चित्रकला शिकवत आणि राहत लातुरात, म्हणजे रोज वीस किलोमीटर जायचं आणि वीस यायचं. भूकंपाच्या साली गावाकडं चार दिवस दगड उपसताना त्यांची कंबर धरली, ती धरलीच. दहा वर्षं तेल झालं, पट्टा झाला, नांदेडचे मोठे डॉक्टर झाले. त्या डॉक्टरांच्या औषधानं काही फरक पडला नाही. पण त्यांच्या पोरानं विकायला काढलेल्या या गाडीवर सर सहज म्हणून टेकले आणि कंबर गप्प झाली. तेव्हापासून रोज घरी आल्यावर गाडी लावली की सर तिच्या टाकीवर दोनदा थोपटत.

"एवढं मला कधी थोपटलं न्हाई," रत्नम्मा म्हणत.

गाडीला एकच खोड होती. पुढचं सीट खाली, मागचं वर, आणि मागच्याला टेकायला गादीची पाठ. मागचा माणूस खुर्चीत बसल्यासारखा ऐसपैस बसे. पुढच्याला धरायची त्याला गरजच पडत नसे. त्यामुळं मागं कोणी आहे की नाही हे पुढच्याला कळायला मार्ग नव्हता. म्हणून सर विचारत, "बसलीस का?" मागून "हाव" आलं की निघत.

वर्षाराणी बाहेर आली. तोंडाला पांढरा स्कार्फ, उघडे फक्त डोळे. पाठीला क्लासची निळी सॅक. लातुरात तेव्हा क्लासला जाणारी प्रत्येक पोरगी अशीच दिसायची आणि तिच्या क्लासनं तर आठशे पोरांना आठशे निळ्या सॅक वाटल्या होत्या. सख्ख्या आईनंसुद्धा चपलेवरून पोर ओळखावी अशी गत.

"हॉल तिकीट दे इकडं, हातात घामानं भिजंल," असं म्हणून रत्नम्मांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कडेला लटकणाऱ्या चामडी थैलीत स्वतःच्या हातानं ठेवलं. सरांनी मे महिन्याच्या उन्हासाठी ओला टॉवेल डोक्यावरून, कानांवरून आवळून बांधला. केंद्र औसा रोडवर. पेपर दहाला, फाटक साडेनऊला बंद. घड्याळात आठ दहा झाले होते.

"बसलीस का?"

"हाव."

वाटेत सर पेट्रोल पंपावर थांबले. तिथं निम्मं लातूर पोरींना घेऊन आलं होतं. वर्षाराणी उतरली आणि बाटली भरायला नळाकडं गेली. सर रांगेत गाडी पुढं सरकवत राहिले.

आता, ही गाडी घेतल्यापासून सरांना एक सवय लागली होती. गाडी कुठंही थांबली की कोणी ना कोणी येऊन विचारायचंच. चालती कशी? मागं बसाया जमतं का? अ‍ॅव्हरेज किती? सर या तिन्ही प्रश्नांची उत्तरं झोपेतही देत. त्यामुळं पेट्रोल भरून झाल्यावर डोक्याला रुमाल बांधलेला एक पन्नाशीचा माणूस हात जोडत जवळ आला, तेव्हा टॉवेलातून फारसं ऐकू न येताही सर तयार होते.

त्या माणसाचं नाव बसवंत. जळकोटकडचा. मेव्हण्याची लूना घेऊन पोरीला केंद्रावर सोडायला निघालेला; लूना पंपावर ढकलत आणली, पेट्रोल पाजलं, पायडल मारमारून पोटऱ्या भरून आल्या, तरी ती बधली नव्हती.

"सर, मागं बसंल का हो पोरगी?" त्यानं विचारलं.

टॉवेलातून सरांना 'मागं' आणि 'बसंल' एवढंच आलं. "बसू द्या की! निवांत! घोरत जाईल!" सर अभिमानानं म्हणाले.

"लई उपकार झाले बघा. बार्शी रोडच्या कॉलेजला."

"रोडला पंचावन्न देते. गावात पंचेचाळीस."

बसवंतला यातलं काही कळलं नाही, पण देणाऱ्या माणसाला अडवू नये म्हणून तो म्हणाला, "देऊ द्या, देऊ द्या." आणि मागं वळून त्यानं हाक मारली, "गोदे, बस बाई!"

गाडीचा मागचा भाग जरासा दबला.

"बसलीस का?" सरांनी विचारलं.

"हाव," गोदावरी म्हणाली.

निळी सॅक आणि पांढरा स्कार्फ घेऊन गाडी औसा रोडला लागली. चौकात मागून बारीक आवाज आला, "सर, बार्शी रोड..." टॉवेलानं पुन्हा आपलं काम केलं. "हाव, रोड मोकळा हाय आज," सर म्हणाले. गोदावरी दोन वर्षं लातुरात होती, पण तिनं पाहिलेलं लातूर म्हणजे हॉस्टेल, मेस आणि क्लास. सर जवळच्या रस्त्यानं नेत असतील, असं समजून ती गप्प राहिली.

सरांना मात्र बोलायचं होतं. गेली दोन वर्षं बोलायचं होतं. जेवताना तोंड उघडलं की "किती मार्क पडले?" एवढंच बाहेर यायचं. पण गाडीवर बरं असतं. समोर रस्ता असतो, पोरीच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

"हे बघ माय," सर रस्त्याकडं बघत म्हणाले, "एक सांगतो. मधी बोलू नको, न्हाईतर माझ्यानं व्हायचं न्हाई."

मागून कोणी मधे बोललं नाही.

"आज पेपर गेला तर गेला, न्हाई गेला तर न्हाई. लोक विचारतेत म्हणून मी तुला विचारत राहिलो. पहाटे चारला लाइट लावून उठवलं, ते चुकलं माझं. तू चित्र काढायचीस. पक्षी, बैल, आज्जीचं तोंड. दहावी झाली आणि मी त्या वह्या माळ्यावर टाकल्या. चित्रकलेच्या मास्तरनं! माझ्या जिवाला खातंय ते. डॉक्टर न्हाई झालीस तरी माझी पोरगी हायस. घरी आल्यावर भाकरी तीच, दह्याची वाटी तीच."

मागून हुंदका आला. पोर रडतेय म्हणजे पोहोचलं. आणखी थोडं पोहोचवावं म्हणून त्यांनी एका झाडाखाली गाडी उभी केली, टॉवेल सोडला, मोठ्या हिमतीनं वळून पाहिलं आणि म्हणाले, "रडू नको, वर्षा."

"मी गोदावरी हाय, सर," पोरगी डोळे पुसत म्हणाली.

सरांनी आधी स्कार्फकडं पाहिलं, मग सॅककडं, मग चपलेकडं. चप्पल वेगळी होती.

"तू... कवा बसलीस?"

"तुम्हीच म्हणलात अप्पाला, बसू द्या म्हणून."

"माझी पोरगी कुठाय?"

"ते मला कसं ठाव?" गोदावरी म्हणाली, आणि मग घाबरून, "सर, माझं सेंटर बार्शी रोडला हाय हो."

घड्याळात आठ पंचेचाळीस. सरांनी गाडी वळवली आणि तिच्यात होती नव्हती तेवढी सगळी ताकद काढली, म्हणजे एका सायकलवाल्याला मागं टाकलं. पंपावर वर्षाराणी नव्हती, बसवंतही नव्हता. लूना तेवढी भिंतीला टेकून उभी होती.

"तुमची पोरगी लई रडून राहिली होती," पेट्रोल भरणारा म्हणाला. "हिच्या बापाच्या ध्यानात आलं, अदलाबदल झाली म्हणून. मग त्यानं एक टमटम थांबवलं, तिला आत घातलं आन् गेला की औसा रोडला. सवाऱ्या मंडईला चालल्या होत्या, त्यांना बी घेऊन गेला."

सरांनी सुटकेचा श्वास घेतला. अर्धाच. कारण तेवढ्यात त्यांचा हात कडेच्या चामडी थैलीला लागला. हॉल तिकीट तिच्यात होतं.

आता पोरगी औसा रोडला आणि तिचं तिकीट इथं; मागच्या सीटवर दुसऱ्याची पोरगी, तिचं केंद्र बार्शी रोडला. नऊला तीन मिनिटं कमी.

गोदावरीनं थैलीकडं पाहिलं, सरांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि ती खाली उतरली. "सर, तुम्ही जावा. मी कुणाला बी हात करते."

सरांचा एक पाय खरोखर औसा रोडकडं वळला होता. पण तिकडं त्या पोरीचा बाप, सवाऱ्यांसकट टमटम वळवून, सरांची पोर घेऊन गेला होता.

"बस," सर म्हणाले. "बसू द्या म्हणलंय मी तुझ्या बापाला."

बार्शी रोडच्या फाटकाशी नऊ बाराला गोदावरी उतरली. आत पळता पळता परत आली. "सर, ते मघा बोललात ना, ते आमच्या अप्पाला बी एकदा सांगा." आणि उत्तराची वाट न बघता शेकडो स्कार्फांत मिसळून गेली.

नंतरचा रस्ता सरांना आठवत नाही. म्हशी आठवतात, एक वरात आठवते आणि आपण गाडीला "चल माझी बाय, चल माझी लक्ष्मी" म्हणत होतो, हे आठवतं. औसा रोडच्या केंद्राशी ते पोहोचले तेव्हा घड्याळात नऊ छत्तीस झाले होते.

फाटक उघडं होतं. उघडं म्हणजे, बंद होत नव्हतं. कारण फाटकाच्या बरोबर मधे एक टमटम बंद पडलं होतं. चार सवाऱ्या ते पुढून ढकलत होत्या, चार मागून. दोन्हीकडची माणसं घामाघूम झाली होती आणि टमटम वीतभरसुद्धा हलत नव्हतं.

"अहो, एका बाजूनं ढकला!" शिपाई ओरडत होता.

"तेच करून राहिलो की, साहेब!" मागच्या बाजूनं बसवंत ओरडला.

"माझी भाजी सुकून चालली!" पुढच्या बाजूनं साखराबाई नावाची एक म्हातारी टमटमला खांदा लावून ओरडली. "जोर लावा रे, मेल्यांनो!" आणि स्वतः सगळ्यांच्या विरुद्ध बाजूला सगळ्यात जास्त जोर लावत राहिली.

वर्षाराणी टमटममध्येच बसली होती. सरांनी गाडी उभी केली नाही, टाकली. पळत जाऊन तिकीट तिच्या हातात दिलं. तिनं एकदा बापाकडं पाहिलं, टमटमच्या पुढच्या बाजूनं उडी मारली, म्हणजे ती आपसूकच फाटकाच्या आत पडली, आणि पळाली.

"सुरू झालं बघा!" टमटमवाला लगेच म्हणाला. किल्ली फिरवल्यासरशी इंजिन घरघरलं आणि टमटम बाहेर आलं. शिपायानं सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग फाटक लावून घेता घेता तोंड फिरवून हसला. त्याचीही पोरगी अकरावीला होती.

सर प्रत्येक सवारीपुढं हात जोडत गेले. "आता पाया पडू नका," साखराबाई म्हणाली, "मेथीच्या दोन जुड्या घ्या." सरांनी दहा घेतल्या.

टमटम मंडईला गेलं. फाटकासमोरच्या लिंबाखाली सर आणि बसवंत चहा घेऊन बसले.

"तुमच्या पोरीनं एक निरोप दिलाय," सर म्हणाले, आणि सकाळी जे बोलले होते ते सगळं, भाकरी आणि दह्याच्या वाटीसकट, बसवंतला सांगितलं. बसवंतनं डोक्याचा रुमाल काढला आणि मांडीवर घेऊन त्याची घडी घालत बसला.

"म्या तिला कधी डाकटर व्ह म्हणलं न्हाई," तो म्हणाला. "पर न्हाई झालीस तर चालंल, असं बी कधी म्हणलं न्हाई. राहूनच गेलं." मग म्हणाला, "तुमच्या पोरीनं बी टमटममधी एक सांगितलंय, सर. रागावणार न्हाई ना?"

"सांगा."

"तिला डाकटरच व्हायचंय म्हणे. भूकंपाच्या टायमाला तंबूत एक डाकटरीण बाई हिच्या हाताला पट्टी बांधायला यायची, तवापासून. आन्..." बसवंत चाचरला, "चित्राचं म्हणाल तर तिला त्याचा लई कंटाळा. पप्पाला वाईट वाटंल म्हणून काढायची. वह्या माळ्यावर गेल्या त्या दिवशी म्हणे ती पेढा खाऊन झोपली."

दोन वर्षं जिवाला खाणारी गोष्ट अशी पेढा खाऊन झोपलेली निघाली. हसावं की रुसावं हे ठरेना. शेवटी हसू आधी आलं.

"बैल तरी बरे काढायची हो," ते म्हणाले.

पेपर सुटला. स्कार्फांचा लोंढा बाहेर आला. यावेळी सरांनी चपला बघितल्या आणि पोर बरोबर ओळखली. मेथीची पेंडी बघून ती थबकली. सरांनी पेपरचं काढलं नाही. बसवंत पुढं होऊन बार्शी रोडची रिक्षा बघू लागला.

"पप्पा," वर्षाराणी म्हणाली, "तुम्ही काहीच बोलत न्हाईत."

"बोलायचं ते सकाळीच बोलून झालं."

"कवा? मी तर पंपावर होते."

"जळकोटच्या पोरीशी बोललो."

स्कार्फावरचे डोळे बारीक झाले.

"मी बी," ती म्हणाली. "तिच्या अप्पाशी."